पाचव्या खोलीतली उतरंड

मोर गळ्यापाशी संपला होता. खाली पाय होते, पोटावर निळी-हिरवी खवलं होती, मागं पिसारा नुसता ओसंडत होता. आणि जिथं गळा वळून तुरा उमलायचा, तिथं कुणी कात्री चालवावी तशी फुलवेल सुरू झाली होती. तीही धड नाही, अर्ध्या पाकळीपासून.

दासरी शेठनी ती चादर आमच्या टेबलावर फेकली. सोल्डरिंगची तार, स्क्रू, माझा अर्धा प्यालेला चहा, सगळं तिच्याखाली गेलं.

"सातवी," ते म्हणाले. "दहा दिवसांत सातवी, वळसंगे. गिऱ्हाईक विचारतंय, तुमच्या सोलापुरात मोर बिनतोंडाचेच असतात का?"

वळसंगे सर जागचे हलले नाहीत. गाळा त्यांचा, टेबल त्यांचं, आणि दासरी शेठच्या सात मागांवर बसवलेले डबेही त्यांचेच. पूर्वी मागावर नक्षी यायची ती भोक पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून. कुठल्या ओळीला कुठले ताण्याचे धागे उचलायचे ते ती भोकं सांगायची. सरांनी ती माळ उतरवून तिच्या जागी हाताएवढा डबा बसवला होता. आत एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधला इवलासा संगणक. नक्षीच्या दोनशे चाळीस ओळी त्यात साठवलेल्या, माग एकेक ओळ मागत जाणार आणि डबा देत जाणार. शहाण्णव साली सोलापुरात ही मोठी नवलाई होती, आणि ती नवलाई सरांनी एकट्यानं केली होती. मी त्यांच्याकडं चार महिन्यांपूर्वी लागले होते. डिप्लोमा झालेली, डबे जोडणारी, तपासणारी, हेमलता कुंभार.

"बाकीच्या सहा मागांवर एक तरी मोर बिघडला का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"डबा तोच. चिप तीच. प्रोग्राम तोच. मग फरक कशाचा राहिला? त्या मागावर मल्लय्या बसतो."

"मल्लय्या चाळीस वर्षं विणतोय, वळसंगे."

"पुठ्ठ्यांवर. आता त्याचं वय झालंय. बटणांशी खेळतो."

शेठ खुर्चीत बसले. "मग तसं लिहून द्या. तो आमच्याच जातीतला माणूस. कागदाशिवाय त्याला मागावरून उतरवलं तर पूर्व भागात, आमच्या विणकर वस्तीत, मला तोंड दाखवता यायचं नाही."

"शनिवारी देतो," सर म्हणाले, आणि माझ्याकडं बोट केलं. "ही आमची टेस्ट इंजिनियर. तीन दिवस मागापाशी बसेल, बघेल, लिहील, सही करेल."

मला इंजिनियर म्हणणारं त्या दिवसापर्यंत कुणी भेटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी. कशासाठी म्हटलं गेलं ते नंतर कळलं.

बुधवारी सकाळी मी शेडमध्ये गेले. सात माग एका सुरात खडखडत होते. पायाखालची जमीन थरथरायची, दात एकमेकांवर वाजायचे. शेवटच्या मागावर मल्लय्या. पांढरी लुंगी, बनियन, आणि केसांत, भुवयांत, कानांच्या पाळीवर कापसाची लव बसलेली, जणू माणसालाच मोहर आलाय.

मी स्टूल ओढून बसले, वही काढली. त्यांनी वहीकडं बघितलं.

"माझा कागद लिहायला आलीस न्हवं, अम्मा?"

तेलुगू घरात लहान पोरीलाही अम्मा म्हणतात हे मला माहीत होतं. तरी मान खाली गेली.

"मी बघायला आलेय," मी म्हटलं.

"बघ की. डोळं फुकट हायेत." आणि शेजारच्या मागावरच्या सिद्रामला ओरडून, "सिद्राम! पोरगी बघायला आलीय रे, केस विंचर!"

"चाचा, तुमच्या मोराचं तोंड बघून मग माझं बघू दे तिला!" सिद्राम तिकडून ओरडला.

हसले दोघं. पण मल्लय्यांचं हसू ओठांच्या कोपऱ्यात लगेच मावळलं.

"शेठ म्हणतो, चूक कबूल कर, सुताच्या कांड्या भरायला बस," ते म्हणाले. "सावलीत बसून कांड्या भर. म्हाताऱ्याला बरं. चूक असती तर बसलो असतो बी. पण मोराचा गळा मी कापला न्हाई. न केलेलं कबूल करून कांडी भरायला बसलो तर त्या कांडीचा धागा सरळ यायचा न्हाई माझ्या हातातनं."

दुपारी एकच्या सुमाराला त्यांचा बाणा तुटला. धोट्यातला धागा तुटून धोटा दोन फेऱ्या रिकामाच गेला. असं झालं की कापडात एक बारीक फट राहते. सिद्रामच्या मागावर सकाळी तसंच झालं होतं. त्यानं धागा जोडला आणि माग सुरू केला. "धुतल्यावर बसतंय सगळं," म्हणाला. मल्लय्यांनी तसं केलं नाही. डाव्या हातानं मागाचं जड चाक उलटं फिरवायला घेतलं, दोन ओळी मागं, आणि उजव्या हाताचा अंगठा डब्यावरच्या 'मागे' लिहिलेल्या बटणावर ठेवला. दाबला, आणि चाक जागेवर येईपर्यंत दाबूनच ठेवला.

"धरून कशाला ठेवता?" मी विचारलं.

"पुठ्ठे होते तवा खाली एक खिट्टी असायची. चाक जागेवर येईस्तोवर ती दाबून धरायची. अंगठा आधी सुटला न् चाक घसरलं, तर नक्षी एक ओळ सरकली समज. चाक आणि अंगठा एकदम सुटले पाहिजेत." त्यांनी अंगठा दाखवला. पेरावर घट्टा पडून ते चपटं झालं होतं. "हा अंगठा खिट्टीनंच घडवला."

माग सुरू झाला. सहा ओळी गेल्या, सात गेल्या. मोराच्या पिसाऱ्यावर अर्धी पाकळी उमटली.

मल्लय्यांनी माग थांबवला. कापडावर हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

संध्याकाळी मी शेठकडून त्या सात चादरी मागून घेतल्या आणि गोदामाच्या फरशीवर अंथरल्या. आजची आठवी. धागे मोजायचं भिंग आणि सुई घेऊन गुडघ्यांवर रांगत एकेक ओळ मोजली. मोर कुठं कापला गेला होता ते प्रत्येक चादरीत वेगळं होतं. एकात गळा, एकात पोट, एकात नुसते पायच. एका चादरीत तर मोर अख्खा होता आणि वेल दोनदा आली होती. पण तुटल्यावर नक्षी जिथून सुरू झाली ती जागा आठही चादरींत एकच. फुलाची तिसरी पाकळी, मधोमध. दोनशे चाळीसपैकी एकशे त्र्याऐंशीवी ओळ.

मल्लय्या घरी जाताना दारात थांबले. त्यांना मी ते दाखवलं.

आठही पाकळ्यांवरून बोट फिरवून ते म्हणाले, "माणूस आठ डाव चुकला तर आठ ठिकाणी चुकंल, अम्मा. रोज एकाच दारात येऊन कसा पडंल?"

गुरुवारी मी सरांकडं प्रोग्रामचा छापील कागद मागितला.

"तुला काय करायचाय? रिपोर्ट लिहायला प्रोग्राम लागत नाही."

"बटण दाबल्यावर आत काय होतं ते बघायचंय."

"आत काय होतं ते मला माहितीये. तू सोल्डरिंग बघ."

जेवणाच्या सुट्टीत सर घरी जात. कागद त्यांच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात असे, कुलपाशिवाय. मी जेवणाचा डबा उघडलाच नाही त्या दिवशी. भाकरी तशीच, आणि मी फरशीवर बसून ती लांबलचक कागदाची घडी उलगडत गेले.

आता ही आतली गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या चिपला स्वतःची थोडीशी आठवण असते. अगदी इवलीशी. त्यातल्या पहिल्या बत्तीस जागा म्हणजे कामाची रजिस्टरं, चार गटांत विभागलेली, एका गटात आठ. पॉलिटेक्निकात तिथल्या मास्तरांनी फळ्यावर चार चौकोन काढले होते आणि म्हणाले होते, पाठ करा, पाच मार्कांचा प्रश्न येतो. माझ्या काही डोक्यात बसेना. आमच्या घरी पाठ करायचं ते गाण्यातून. आई चाकावर माती ठेवायची आणि ओवी म्हणायची, चिखल मळताना, भट्टी लावताना, मडकी बाजाराला निघताना. मी आईच्याच चालीवर एक जुळवून टाकली होती:

चार गं चाळी माझ्या, एकेकीत आठ खोल्या
दारावर नाही नाव, खुणा मात्र ओल्या.

शेजारी शेजारी चार चाळी, प्रत्येकीत आठ खोल्या. पहिली चाळ मुख्य कामाची. वळसंगे सरांनी दुसऱ्या चाळीतल्या पाचव्या खोलीत ठेवला होता सगळ्यात मोलाचा जिन्नस: माग नक्षीच्या कितव्या ओळीवर आहे, तो आकडा. हे मला कागदावर सापडलं. ठीकच होतं. खोली मोकळी होती, ठेवला.

पण चिपला आणखी एक सवय असते. एक काम अर्धं टाकून दुसऱ्या कामाला जायचं असलं, की परत कुठं यायचं तो पत्ता ती लिहून ठेवते. दुसऱ्यातून तिसऱ्याला गेली तर त्यावर आणखी एक. परतताना सगळ्यात वरचा आधी उचलायचा. आमच्या घरात याला शब्द होता. उतरंड. खाली रांजण, त्यावर माठ, त्यावर घागर, त्यावर गाडगं. शेवटी ठेवलेलं आधी काढायचं.

आणि आई एक गोष्ट दर वेळी ओरडून सांगायची. नव्या घरात सामान लागत असलं, की आधी तेच. "हेमे, उतरंड कुठं मांडायची ते पहिलं ठरव! मांडल्यावर सरकत नसते ती!"

मी प्रोग्रामची पहिली ओळ बघितली. दुसरी बघितली. दहावी बघितली. उतरंड कुठं मांडायची ते सरांनी कुठंच सांगितलं नव्हतं.

तुम्ही सांगितलं नाही, तर चिप ती आपल्या मनानं मांडते. पहिली चाळ संपते तिथून पुढं. म्हणजे दुसऱ्या चाळीच्या पहिल्या खोलीत.

मी बोटांवर मोजायला लागले. एका पत्त्याला दोन भांडी लागतात. बटण दाबलं की चिप बटणाच्या कामाला जाते: दोन भांडी, पहिली आणि दुसरी खोली भरली. तिथून आकडा दाखवायच्या कामाला: आणखी दोन, तिसरी आणि चौथी. इथवर पाचव्या खोलीला धक्का नाही. बटण टिचकी मारून सोडलं तर गोष्ट इथंच संपते, भांडी उतरतात, कुणाला कळतही नाही. पण बटण धरून ठेवलं, तर चिप तिसऱ्या कामाला जाते, बटण सुटायची वाट बघायच्या. आणि तिसऱ्या जोडीतलं पहिलं भांडं ठेवते नेमकं पाचव्या खोलीत. ओळीच्या आकड्याच्या डोक्यावर.

दुसऱ्या चाळीपाशी, उतरंड कुणी रचली
पाचव्या घरची बाई, ओझ्याखाली खचली.

त्या भांड्यात काय असतं? परत यायच्या पत्त्याचा शेवटचा अर्धा. प्रोग्राम बदलत नाही तोवर तोही बदलत नाही. मी कागदावर ती परतायची ओळ शोधली. शेजारी यंत्राच्या आकड्यांत तिचा पत्ता छापला होता. शेवटची दोन अक्षरं बी आणि सात. यंत्र सोळांत मोजतं, बी म्हणजे अकरा; आपल्या हिशोबात एकशे त्र्याऐंशी.

सिद्राम आणि बाकीचे पाच कधी मागं जातच नव्हते. फट तशीच ठेवून पुढं. सर टेबलावर तपासताना नखानं टिचकी मारायचे. ते बटण मनापासून धरून ठेवणारा सबंध शेडमध्ये एकच माणूस होता, आणि कापडात फट राहू नये म्हणून तो ते धरत होता.

भाकरी मग खाल्ली मी. थंडगार, पण अशी गोड भाकरी पुन्हा मिळाली नाही.

शुक्रवारी सकाळी सरांपुढं कागद ठेवला. सगळं सांगितलं. चाळ, खोल्या असं काही नाही, त्यांच्या भाषेत. एवढं मात्र खरं, सर हुशार होते. एका मिनिटात त्यांना कळलं. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग हळूहळू बंद झाला.

"एका ओळीचं काम आहे," मी म्हटलं. "सुरुवातीलाच उतरंड, म्हणजे स्टॅक, वर नेऊन ठेवायचा."

"हो." ते खिडकीबाहेर बघत होते. "भर नवी चिप. उद्या घेऊन जाऊ."

मी आनंदानं उठले. जुना प्रोग्राम पुसायच्या दिव्याखाली चिप ठेवली, ती ओळ घातली, भरली, तीनदा तपासली, बटण धरून धरून. आकडा हलला नाही. चिप काळ्या स्पंजात खोचून सरांना दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि टाइप केलेला एक कागद माझ्यापुढं सरकवला.

'सदर दोष हा चालकाच्या अयोग्य हाताळणीमुळे उद्भवला असून...'

"सर, हे काय?"

"रिपोर्ट. सही कर."

"पण दोष तर..."

"ऐक कुंभार." आवाज एकदम मऊ. तो मऊपणा मला जास्त लागला. "शहरात माझे सतरा डबे चाललेत. एका शेडमध्ये चूक निघाली म्हटलं की सतराच्या सतरा परत येतील. बारा वर्षांची मेहनत आहे माझी. दोष आपण दुरुस्त करतोच आहोत ना? उद्या मल्लय्या उतरेल, नवा माणूस बसेल, मी गुपचूप चिप बदलेन. मोर नीट येतील. सगळे सुखी."

"मल्लय्या?"

"तो सावलीत बसून कांड्या भरेल. त्याचं काय बिघडलं?"

मी पेन उचललं. चार महिन्यांची नोकरी होती. घरी चाक बंद पडलेलं, आईचे गुडघे गेलेले. पेन उचललं आणि कागदावर टेकवलंसुद्धा. शाईचा एक ठिपका पडला. तो ठिपका बघताना मला मल्लय्यांचं ते चपटं पेर आठवलं, खिट्टीनं घडवलेलं.

"उद्या मागापाशी करते सही," मी म्हटलं.

"का?"

"तीन दिवस बघून लिहायचं ठरलंय ना सर. तिसरा दिवस अजून जायचाय."

शनिवारी दहाला आम्ही शेडमध्ये. शेठनी सगळे माग थांबवायला लावले. एवढी शांतता पसरली की कापसाची लव खाली बसताना ऐकू येईल. मल्लय्या आपल्या मागापाशी उभे. धुतलेली लुंगी, कपाळावर विभूती. उतरायचंच तर नीट कपड्यांत उतरायचं ठरवून आले होते.

"कागद?" शेठनी हात पुढं केला.

"हिच्याकडं आहे," सर म्हणाले.

मी पर्समधून कागद काढला. तो टाइप केलेला नव्हता. वहीचं पान होतं, चार घड्या घातलेलं.

"शेठ, हे उघडू नका अजून. मुठीत धरा."

"काय खेळ चाललाय?" सर म्हणाले.

"सर, तुम्ही 'मागे'चं बटण दाबून दाखवता का?"

त्यांना नाही म्हणता येईना. पुढं झाले, नखानं टिचकी मारली. मी माग सुरू करायला सांगितलं. दहा ओळी निघाल्या. मोर जिथं होता तिथूनच वाढला, पिसाऱ्याचा डोळा पुरा झाला.

"बघितलं?" सर शेठकडं वळले. "डबा ठणठणीत. मी म्हणत होतो..."

"आता मल्लय्या, तुम्ही. तुमच्या पद्धतीनं."

मल्लय्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती. प्रश्न होता: पोरी, तू कुणाकडची? मग त्यांनी डावा हात चाकावर ठेवला, उजवा अंगठा बटणावर. चाक उलटं फिरलं, अंगठा दबलेलाच. चाक जागेवर आलं. दोन्ही हात एकदम सुटले.

"माग सुरू करायच्या आधी," मी म्हटलं, "शेठ, कागद उघडा."

शेठनी घड्या उलगडल्या. मी त्यावर पाकळी काढली होती, अर्धी, आणि खाली लिहिलं होतं: आता इथून सुरू होईल. एकशे त्र्याऐंशी.

माग खडखडला. एक, दोन, तीन ओळी. सिद्राम त्याचा माग सोडून पुढं आला होता. सहा, सात. मोराच्या पिसाऱ्यावर अर्धी पाकळी उमटायला लागली, माझ्या कागदावरच्यासारखी, तशीच डावीकडं कललेली.

"आयला," सिद्राम म्हणाला.

"योगायोग," सर म्हणाले.

"पुन्हा करू. हवं तिथून करू. शेठ, तुम्ही सांगा कुठून."

शेठनी सांगितलं. वेल संपून नव्या मोराचे पाय येईपर्यंत थांबले आणि म्हणाले, इथून. या वेळी बटण मी धरलं, माझ्या अंगठ्यानं. पुन्हा तीच पाकळी.

"या अंगठ्याला तर चाळीस वर्षं नाही झाली," मी म्हटलं. "काल परवा सोल्डरिंग शिकलाय हा."

शेठ चिडले होते, कुणावर ते त्यांनाच कळत नव्हतं. "हे कसं होतं ते मला समजेल असं सांग."

चहाचे काचेचे ग्लास ट्रेमध्ये होते. मी मागाच्या आडव्या फळीवर खडूनं आठ घरं आखली. पाचव्या घरात एक रंगीत कांडी ठेवली. "ही मोराची ओळ. मोर कुठवर आला ते हिला ठाऊक." मग ग्लास मांडत गेले. बटण दाबलं, दोन ग्लास. आकडा दाखवला, दोन ग्लास. "टिचकी मारणारा इथं थांबतो. धरून ठेवणारा..." पाचवा ग्लास उचलला आणि कांडीच्या जागी ठेवला. कांडी घरंगळत खाली पडली. "उतरंड रचायला जागा ठरवून दिली नाही, म्हणून ती माणसाच्या घरात रचली गेली. धरून ठेवणाऱ्याची चूक नाही. बटणावर कुठं लिहिलंय धरू नका म्हणून?"

सिद्रामनं वाकून कांडी उचलली.

"दुरुस्ती एका ओळीची आहे," मी म्हटलं. "काल मीच केली. नवी चिप सरांच्या खिशात आहे. मल्लय्या मागावरून उतरल्यावर ती गुपचूप बसणार होती. म्हणजे पुढचे मोर नीट आले असते आणि सगळे म्हणाले असते, बघा, म्हाताराच खराब होता."

सरांचा हात आपोआप खिशाकडं गेला. तेवढं पुरलं.

"वळसंगे," शेठ अगदी हळू म्हणाले, "खिसा रिकामा करा."

चिप बसवली मीच. सरांचा स्क्रूड्रायव्हर दोनदा स्क्रूवरून घसरला, आणि मला त्याचं वाईट वाटलं. अजून वाटतं. पण मी त्यांच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला. मल्लय्यांनी अंगठा बटणावर ठेवला आणि धरला. मुद्दाम धरला, पाच मोजेपर्यंत, दहा मोजेपर्यंत, शेठकडं बघत धरला. माग सुरू झाला. गळा वळला, चोच आली, तुरा उमलला.

"सोमवारी येऊ नकोस," सर माझ्या कानाशी म्हणाले.

"येणार आहे सर. माझी पक्कड तुमच्याकडं राहिलीय."

मग मी वहीचं दुसरं पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, टाइप न करता, माझ्या मराठीत: 'आठ चादरींतला दोष यंत्राच्या आठवणीतला होता. विणकराचा नव्हता. बटण धरून ठेवणं बरोबर आहे.' खाली सही केली. हेमलता कुंभार, टेस्ट इंजिनियर. शेठना दिलं. त्यांनी वाचलं, सिद्रामकडून खळ मागितली आणि स्वतःच्या हातानं मागाशेजारच्या, शेडच्या खांबाला चिकटवलं.

मल्लय्यांनी आभार मानले नाहीत. माग न थांबवता, कापडावरची नजर न उचलता म्हणाले, "अम्मा, माझ्या फळीवरची ग्लासं उचल आता. उतरंड मांडायला माझंच घर गावलं व्हय तुलाबी?"

त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. माझा स्वतःचा गाळा आहे. प्रोग्राम लिहायला बसले की पहिली ओळ कुठली, ते माझ्याकडच्या मुली न विचारता लिहितात. आई गेली. मल्लय्याही गेले, ते मला उशिरा कळलं.

मागच्या महिन्यात दासरींच्या शेडवर कामानिमित्त जाणं झालं. शेठचा मुलगा सांभाळतो आता. माग नवे, डबे परदेशी, पडद्यावर मोर रंगीत दिसतो. शेवटच्या मागावर तिशीतली एक बाई होती. ओळख ना पाळख. तिचा बाणा तुटला. तिनं माग थांबवला, दोन ओळी मागं घेतला, आणि पडद्यावरच्या बटणावर अंगठा ठेवून धरून राहिली. टिचकीसरशी काम होणारं बटण ते.

"धरून कशाला ठेवताय?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हनुवटीनं खांबाकडं खूण केली. त्यावर तेलकट, पिवळं पडलेलं एक पान होतं, कडा झिजून गेलेल्या, वर कुणीतरी चिकटपट्टी फिरवलेली. पहिल्या दोन ओळी पुसून गेल्या होत्या. तिसरी तेवढी वाचता येत होती.

"धरायचंच असतंय," ती म्हणाली, "इथं लिहूनच ठेवलंय."